वाचकांचे प्रश्न : माक्याचं तेल का बिघडतं?

केसांविषयी आलेल्या पत्रांत घरी काढलेल्या तेलाची तक्रार सगळ्यात जास्त होती, म्हणून सुरुवात तिथूनच.

माका, जास्वंदीची पानं-फुलं आणि कढीपत्ता वाटून खोबरेल तेलात घातला आणि तेल हिरवंगार होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं उकळलं. गाळून बाटलीत भरलं, तर तीन आठवड्यांत तळाशी पांढुरकी बुरशी आणि आंबूस वास. दुसऱ्या खेपेला जास्त वेळ ठेवलं, तर करपलं. नेमकं कुठे चुकतंय? — चिपळूण

दोन्ही खेपांना घोळ पाण्याचा आहे. पहिल्या वेळी पाल्यातलं पाणी तेलात राहिलं. ते थेंब तळाला जमतात आणि बुरशी तिथेच धरते. दुसऱ्या वेळी पाणी संपल्यावरही आच चालू राहिली. पाणी असेपर्यंत कढईतल्या तेलाचं तापमान १०० अंशांच्या आसपास अडून राहतं. पाणी संपलं की ते काही मिनिटांत दीडशेच्या पुढे जातं आणि तळाचा पाला जळतो. तेल हिरवं होणं ही खूण धरूच नका. हिरवा रंग पहिल्या पाच मिनिटांतच उतरतो.

वैद्यांच्या तेलपाकाचं माप ठरलेलं आहे. तेलाच्या चौपट द्रव घ्यायचा. वाटण, म्हणजे कल्क, द्रवावर ठरतो : द्रव नुसतं पाणी असेल तर तेलाच्या एक चतुर्थांश, काढा असेल तर एक षष्ठांश, पाल्याचा अंगरस असेल तर एक अष्टमांश. घरी पहिल्यांदा करताना १०० मिली तेल, ४०० मिली माक्याचा अंगरस आणि १२-१३ ग्रॅम माक्याचीच चटणी, म्हणजे मोठा चमचाभर, एवढंच घ्या. ४०० मिली रसासाठी किलोभर तरी ताजा माका लागतो. मिक्सरमधून काढताना पाणी अगदी शिंपडण्यापुरतं घाला आणि फडक्यातून पिळा. ताजा माका मिळत नसेल तर १०० ग्रॅम सुका भरड माका १६०० मिली पाण्यात उकळून ४०० मिलीवर आणा. मग कल्क १६-१७ ग्रॅम. तेल तिळाचं घ्या. कोकण-गोव्यात खोबरेल वापरतात, तेही चालतं.

कढई जाड बुडाची आणि पसरट हवी, आणि एक तृतीयांशाच्या वर भरायची नाही, कारण हे मिश्रण वर येतं. तेल, रस, कल्क एकत्र करून मंद आचेवर ठेवा आणि उलथन्याने तळ सोडवत राहा. आधी नुसती गुळगुळ ऐकू येते. पाणी संपत आलं की चरचर सुरू होते. इथून पुढे कढईपासून हलायचं नाही. कल्क आधी चिखलासारखा उलथन्याला चिकटतो, मग मेणासारखा होतो, त्यानंतर वाळूसारखा. मेणासारखा झाला की चिमूटभर कल्क काढून निववा आणि अंगठा व तर्जनीत वळा. त्याची वात झाली पाहिजे. ती वात निरांजनाच्या ज्योतीत धरा. तडतडली तर पाणी शिल्लक आहे. आवाज न करता पेटली आणि तेलावर फेस आला, की गॅस बंद. कढईच्या उष्णतेने पाक आणखी थोडा पुढे जातोच, म्हणून वाळूची वाट पाहू नका. अंगाला चोळायच्या तेलाला शास्त्रात खरपाक, म्हणजे कल्क वाळूसारखा होईपर्यंतचा पाक, चालतो, पण घरच्या कढईत खर आणि जळका यांत दोन मिनिटांचंही अंतर नसतं.

कोमट असताना कोरड्या फडक्यातून गाळा. शेवटचे थेंब मिळवायला चोथा करकचून पिळला तर त्यातला ओलावा आणि गाळ दोन्ही बाटलीत येतात; पिळायचंच असेल तर ते तेल वेगळं ठेवा आणि आठवड्यात संपवा. दोन दिवस स्थिर ठेवून वरचं तेल उन्हात वाळवलेल्या काचेच्या बाटलीत ओता. ओलं बोट बाटलीत घालू नका. ग्रंथांत तेल एका दिवसात सिद्ध करू नये असं सांगितलंय. घरच्या १०० मिलीसाठी ते पाळायचं कारण नाही, एका दुपारी होतं.

जास्वंद मात्र यातून काढा. तिचा सगळा गुण त्या बुळबुळीत चिकात आहे, आणि तो पाण्यात उतरतो, तेलात नाही. दहा-बारा पानं पाण्यात कुस्करून, तो बुळबुळीत रस गाळून नहाण्याआधी पंधरा मिनिटं केसांना लावा. केस मऊ होतात, विंचरायला सोपे जातात.

आमच्या बांधावर पिवळ्या फुलांचा माका आहे. नर्सरीवाला म्हणाला तोच खरा. — नाशिक

केशतेलासाठी वापरायचा तो पांढऱ्या, बटणाएवढ्या फुलांचा माका. भाताच्या खाचरात, पाटाच्या कडेला, ओलीत आपोआप येतो. पानं लांबट, समोरासमोर आणि हाताला खरखरीत. देठ मोडून बोटांत चुरडा. थोड्या वेळात रस काळपट होतो आणि बोटाला डाग राहतो. पिवळ्या फुलांचीही एक जात वैद्यकात वापरतात, पण नर्सरीत कुंडीला आणि बांधाला लावतात ती चकचकीत पानांची, झपाट्याने पसरणारी वेल बहुतेक वेळा शोभेची असते. तिचं तेल काढायला जाऊ नका. पांढरा माका सांडपाण्याच्या नाल्याकाठीही जोमाने येतो. तिथला मात्र घेऊ नका.

दुकानातल्या 'भृंगराज' तेलात माका किती, हे कळायला मार्ग आहे का? — ठाणे

मागची बारीक अक्षरं वाचा. १० मिली किंवा १०० मिली तेलामागे कोणतं द्रव्य किती, हे लिहिलेलं असतं. सगळ्यात महत्त्वाचं, तेल कशात सिद्ध केलंय ते पाहा. तीळ तेल किंवा नारळ तेल असेल तर ठीक. 'लाइट लिक्विड पॅराफिन' किंवा 'मिनरल ऑइल' असेल तर ते पेट्रोलियमपासूनचं, चिकट न होणारं तेल आहे. केसांना वरून चमक येते, अपाय होत नाही, पण तो पारंपरिक तेलपाक नव्हे. आयुर्वेदिक उत्पादन परवान्याचा क्रमांक, बॅच आणि तारीख नसलेली बाटली, मग ती १०८ वनस्पतींची असो, घेऊ नका.

कोंडा जात नाही. रोज रात्री कोमट तेल चोळते, सकाळी लिंबू लावून धुते. तरी खाज आणि पापुद्रे वाढतच चाललेत. — पुणे

तेल चोळणं आधी थांबवा. कोंड्यामागे डोक्याच्या त्वचेवर सगळ्यांच्याच असणारं एक यीस्ट असतं, मॅलासेझिया. ते त्वचेच्या तेलकटपणावर जगतं, आणि आपण वरून ओततो त्या खोबरेल वा तिळाच्या तेलातली स्निग्धाम्लंही त्याला चालतात. रात्रभर तेल ठेवणं म्हणजे त्याला जेवण वाढणं. तेल लावल्यावर पापुद्रे दिसेनासे होतात कारण ते ओले होऊन चिकटून बसतात, गेलेले नसतात. लिंबाने त्वचेची आग होते, आणि लिंबाचा रस कपाळावर राहून उन्हात गेलात तर तिथे काळे चट्टे उठतात.

चार आठवडे तेल फक्त केसांच्या टोकांना. आठवड्यातून दोनदा नहाणं. त्यातल्या दोन्ही वेळा केटोकोनॅझोल २ टक्के असलेला शाम्पू वापरा, मुळांशी लावून पाच मिनिटं ठेवून धुवा. आयुर्वेदाच्या सदरात हे कसं, असं वाटेल. पण यीस्टवर त्याचा परिणाम ठरलेला आहे, आणि शेवटच्या पाण्याला त्रिफळा वापरायला त्याची आडकाठी नाही. २० ग्रॅम त्रिफळा भरड अर्धा लिटर पाण्यात उकळून पाणी निम्मं करा, निवल्यावर दुहेरी फडक्यातून गाळा आणि शेवटी मुळांवर ओता. पांढरे केस त्याने किंचित काळपट दिसतील, टॉवेल जुना घ्या. खाज फार असेल तर खसखस दुधात वाटून लावायचा जुना लेप चालेल, पण अर्ध्या तासात स्वच्छ धुवायचा. वाळू दिला तर तोच कोंड्यासारखा झडत राहतो.

कडुनिंबाचं तेल निखळ लावू नका, दहा भाग खोबरेलात एक भाग पुरे, आणि तेही कोंडा आटोक्यात आल्यावर. दक्षिणेकडून येणाऱ्या, धोत्र्याच्या पानांच्या तेलाचं नाव तुम्हाला कुणी सुचवेल. धोत्रा विषारी आहे. वैद्याच्या देखरेखीशिवाय नको, आणि घरात लहान मूल असेल तर बाटली कुलपात. चंदेरी जाड खपल्या कपाळाच्या रेषेबाहेर आल्या असतील किंवा कोपर-गुडघ्यावरही असतील, तर हा कोंडा नसून सोरायसिस असू शकतो. मुलाच्या डोक्यावर तुटक्या केसांचा गोल चट्टा असेल तर तो बहुधा नायटा; त्याला पोटातून औषध लागतं, कोणत्याही तेलाने तो जात नाही.

शिकेकाई, रिठा, आवळा समप्रमाणात दळून आणलं. केस राठ होतात, पूड निघत नाही, भांगात दिसते. बोअरचं पाणी आहे. — लातूर

समप्रमाण हीच चूक. रिठा शिकेकाईपेक्षा कितीतरी जोरदार, तो त्वचेचं नैसर्गिक तेलही काढून नेतो. अर्धा किलो शिकेकाईला बी काढलेला रिठा १०० ग्रॅम पुरे. आवळकाठी १००, नागरमोथा, कचोरा आणि मेथी प्रत्येकी ५० ग्रॅम. केस मुळात कोरडे असतील तर रिठा निम्मा करा आणि मेथी दुप्पट. काही ठिकाणी यात बावची घालतात, ती वगळा. बावचीमुळे त्वचा उन्हाला हळवी होते, आणि मानेवरून ओघळलेल्या पाण्याच्या रेषेत भाजल्यासारखे डाग पडू शकतात. सगळं कडकडीत वाळवून शिकेकाई दळणाऱ्या गिरणीतूनच दळा, आणि पीठ उघडताना तोंडाला रुमाल बांधा.

आता मुख्य गोष्ट : पूड डोक्यावर घालायचीच नसते. दोन मोठे चमचे पूड ४०० मिली पाण्यात रात्री भिजवा. सकाळी एक उकळी आणून मंद आचेवर पाच-सात मिनिटं ठेवा, निवू द्या, मलमलीतून गाळा. हे पाणी दोन हप्त्यांत मुळांना चोळायचं. फेस जेमतेम येतो. फेस नाही म्हणून जास्त घालत राहिलं की केस राठ होतात. शिकेकाई बेताचंच तेल काढू शकते, म्हणून तेल आदल्या रात्री वाटीभर थापू नका. तासभर आधी दोन लहान चमचे बास. डोळे मिटून ठेवा, रिठ्याचं पाणी गेलं तर साध्या पाण्याने दहा-पंधरा मिनिटं डोळे धूत राहा.

बोअरच्या जड पाण्यात साबणाचा जो चिकट साका होतो तो शिकेकाईचा होत नाही, तेवढा फायदा आहे. पाण्यातले क्षार मात्र केसांवर राहतात. शेवटचे दोन तांबे पिण्याच्या पाण्याचे घ्या, त्यात चमचाभर व्हिनेगर घालून. गाळलेला काढा त्याच दिवशी संपवा.

मेंदी, नीळ आणि आवळा पावडर लोखंडी कढईत दह्यात रात्रभर भिजवून लावते. तरी पांढरे केस नारिंगीच. 'काळी मेंदी' वापरू का? — मडगाव

नीळ तुम्ही लावायच्या आधीच वाया गेली आहे. मेंदीतला रंग भिजवल्यावर हळूहळू सुटतो आणि त्याला आंबटपणा चालतो. निळीच्या पानांचा रंग काही मिनिटांत सुटतो, तसाच लवकर उतरतो, आणि दही-आवळ्याच्या आंबटपणात तो नीट वठत नाही. दोघांना एका कढईत बसवता येत नाही.

खांद्यापर्यंतच्या केसांना १०० ग्रॅम मेंदी कोमट पाण्यात भिजवा. गोव्याच्या हवेत पाच-सहा तास पुरे. तेल नसलेल्या, धुतलेल्या केसांना लावून दोन-तीन तास ठेवा आणि नुसत्या पाण्याने धुवा. या टप्प्यावर केस नारिंगी दिसले पाहिजेत, घाबरू नका. मग तेवढीच निळीच्या पानांची पूड, चिमूटभर मीठ, कोमट पाणी. कढत पाणी नको. दहा-पंधरा मिनिटांत पृष्ठभागावर निळसर झाक आली की ताबडतोब ओलसर केसांना लावायला घ्या, वर टोपी घाला, तासा-दीड तासाने धुवा. लगेच हिरवट वाटेल. हवा लागून रंग दोन दिवसांत गडद होतो, तोवर शाम्पू नाही. मेंदी न लावता नुसती नीळ पांढऱ्या केसांवर लावली तर निळसर-हिरवी छटा राहते, म्हणून क्रम उलटवू नका. कंगव्यात आलेल्या पांढऱ्या केसांची एक बट आधी रंगवून पाहा.

लोखंडी कढई-आवळ्याची जुनी रीत खोटी नाही. आवळ्यातलं तुरट द्रव्य आणि लोह मिळून काळा रंग होतो. पण त्याने मेंदी तपकिरीकडे झुकते, काळी होत नाही.

'दहा मिनिटांत काळी' होणाऱ्या मेंदीत बहुधा पीपीडी हे रसायन असतं. झाडाच्या मेंदीने इतक्या वेळात काळं होणं शक्य नाही. पीपीडीची ॲलर्जी झाली तर पापण्या सुजून डोळे मिटतात, कपाळाला पाणी सुटतं, आणि एकदा झालेली ॲलर्जी सहसा जन्मभर राहते. वापरायचंच ठरवलं तर कोपराच्या खोबणीत ठिपका लावून ४८ तास थांबा. अजून एक : घरात कुणाला जी-६-पी-डी या एन्झाइमची कमतरता असेल, विशेषतः बाळाला, तर साधी मेंदीसुद्धा नको, तांबड्या पेशी फुटण्याचा धोका असतो.

मुलीच्या डोक्यात उवा झाल्यात. सासूबाई सीताफळाच्या बियांची पूड तेलात लावायला सांगतात. — सासवड

सीताफळाच्या गावात हा उपाय घरोघरी असणारच, आणि उवा त्याने मरतातही. बियांत कीटकनाशक द्रव्यं आहेत. अडचण डोळ्यांची आहे. कण किंवा पाणी डोळ्यांत गेलं तर काही तासांनी भयंकर दुखणं, लाली, उजेड सहन न होणं सुरू होतं, बुबुळाला इजा होते. झोपेत मूल डोकं खाजवतं आणि तोच हात डोळ्यांना लावतं. त्यामुळे नाही म्हणा.

केस ओले करून भरपूर खोबरेल लावा. तेलाने उवा मंदावतात, लिखा मरत नाहीत. मग बारीक दातांच्या फणीने मुळापासून टोकापर्यंत बटाबटांनी विंचरा, प्रत्येक वेळी फणी पांढऱ्या कागदावर पुसून पाहा. लिखा सात ते दहा दिवसांत फुटतात, म्हणून हे दर तिसऱ्या दिवशी, सलग तीन आठवडे. एकदा झाडून 'गेल्या' म्हणणारे सगळे पंधरवड्याने पुन्हा लिहितात. करंज तेल हवंच तर चार भाग खोबरेलात एक भाग. औषध लावायचं तर परमेथ्रिन १ टक्का, दहा मिनिटं, आठ-नऊ दिवसांनी पुन्हा. घरातल्या सगळ्यांची डोकी त्याच दिवशी तपासा.

बाळ चार महिन्यांचं आहे, माझे केस मुठीने गळताहेत. कोणतं तेल लावू? — कोल्हापूर

तेलाने थांबणार नाही, आणि न लावल्यानेही वाढणार नाही. गरोदरपणात जे केस गळायचे थांबले होते ते बाळंतपणानंतर एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. सहा महिने ते वर्षभरात बहुतेक भरून येतात. डेंग्यू-टायफॉइडनंतरही हेच होतं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे कपाळावरची बारीक लव दिसली की परत येताहेत असं समजा.

हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि टीएसएच (थायरॉइडसाठी) या तीन तपासण्या करून घ्या. लोह कमी असेल तर डॉक्टरांनी दिलेली गोळी चहाबरोबर घेऊ नका, चहामुळे ती कमी शोषली जाते. अळिवाचे लाडू चालू ठेवा, पण गोळीऐवजी नव्हे. अंगावर पाजत असताना माक्याचा रस वा 'केशवर्धक' चूर्णं पोटात घेऊ नका. तेल हलक्या हाताने, रुंद दातांचा कंगवा, घट्ट अंबाडा नको. वर्ष उलटूनही भांग रुंद होत असेल तर त्वचारोगतज्ज्ञ.

नवऱ्याला दाढीत आणि डोक्यात चाई पडली आहे. गुंजा उगाळून लावावी की बिब्बा? — वर्धा

दोन्ही नाही. चाईला आयुर्वेदात इंद्रलुप्त म्हणतात आणि तिथे गुंजेचा लेप सांगितला आहे, पण तो शोधन केलेल्या, म्हणजे विष उतरवलेल्या गुंजेचा, वैद्याच्या हातून. कच्च्या गुंजेच्या बीतलं विष जीवघेणं आहे आणि खरवडलेल्या त्वचेवर ते लावण्यात मोठी जोखीम आहे. बिब्ब्याने फोड उठतात, व्रण राहिला तर तिथे केस कधीच येत नाहीत.

घरी काही करायचंच असेल तर कांद्याचा रस. बगदादमधून २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात, दिवसातून दोनदा कांद्याचा रस लावलेल्या २३ जणांपैकी २० जणांच्या चट्ट्यांत सहा आठवड्यांत केस दिसू लागले होते. संख्या लहान आहे, आणि चाई बऱ्याच जणांत आपोआपही भरते, हे ध्यानात ठेवून करा. ताजा रस, गाळलेला, कापसाने, फक्त चट्ट्यावर. आग होऊ लागली तर बंद. दर पंधरा दिवसांनी चट्ट्याशेजारी रुपयाचं नाणं धरून त्याच उजेडात फोटो काढा, म्हणजे चट्टा वाढतोय की आकसतोय ते कळेल. नवे चट्टे येत राहिले, भुवया-पापण्यांचे केस जाऊ लागले किंवा चट्ट्यावरची त्वचा चकचकीत आणि छिद्रहीन दिसली, तर महिन्याची वाट पाहू नका. त्वचारोगतज्ज्ञ अशा वेळी चट्ट्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात.